माईकमामांनी भरलेली गॅलरी

माईकमामांच्या हातात माईक आला की ते तो कधी फुंकायचे नाहीत. "फुकतो त्यो नवशिका," असं त्यांचं मत होतं. ते समोरच्या गर्दीवर डावीकडून उजवीकडे एकदा नजर फिरवायचे, मिशीवरून मूठ ओढायचे आणि पहिलं नाव घ्यायचे. ते असं घ्यायचे, की ज्याचं नाव होतं तो माणूस बसल्या जागी थोडा उंच व्हायचा. "राहू गावचे, कैलासवासी बाबूराव आबांचे नातू, पोपटराव नाना, मांडवात विराजमान झालेले हायत." पोपटराव नाना म्हणजे कोणी आमदार नव्हेत. दोन म्हशी आणि एक लुना एवढाच त्यांचा पसारा. पण मामांच्या आवाजातून बाहेर पडले की नाना स्वतःलाच अनोळखी वाटायचे आणि उपरणं सारखं करायचे.

दौंड-शिरूरकडची लग्नं ज्यांनी खाल्ली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडे नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना ताटकळत उभी असतात, भटजी घड्याळ बघत असतात, आणि माईकवर आलेल्यांची नावं काही संपत नाहीत. ज्याचं नाव राहिलं तो जेवायला थांबत नाही आणि पुढच्या लग्नापर्यंत बोलत नाही. ही भानगड निस्तरायला मामा लागायचे. त्यांना कुठल्याही माणसाचं गाव, आजा आणि त्या आज्याचं टोपणनावही पाठ असायचं. मामांचे वडील मेंढरं घेऊन घाट उतरायचे. मामांनीही तरुणपणी लोकांच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवली होती. "हजार मेंढरं वळखायचो तोंडावरनं. माणसं त्या मानानं सोपी. कमी हालत्यात," असं ते मोठ्या गुर्मीत सांगत. नम्रपणा हा गुण त्यांनी दुसऱ्यांसाठी ठेवून दिला होता.

मामांची आणि माझी गाठ पडली ती फुटबॉलमुळे, आणि मला फुटबॉल येत नव्हता त्यामुळे.

नव्वदचं दशक उताराला लागलं होतं. मी कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरला होतो आणि शिफ्टमधून वेळ उरला की दौंडच्या आमच्या क्लबात गोलकीपर. एका सामन्यात मी चेंडू फार सुरेख पकडला. छातीशी कवटाळला. लोक जिवाच्या आकांतानं ओरडायला लागले. त्यांना माझं कौतुक वाटतंय या आनंदात मी चार पावलं मागे सरकलो आणि चेंडूसकट गोलरेषेच्या आत जाऊन उभा राहिलो. पुढच्याच बैठकीत क्लबानं एकमतानं मला सेक्रेटरी केलं.

आमच्याकडे फुटबॉल रेल्वेच्या गोऱ्या ड्रायव्हरांनी आणला, असं जुनी माणसं सांगत. गोरे गेले, चेंडू राहिला. क्लबाचे अध्यक्ष आप्पा हेही इंजिनड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. बोलणं कमी, पण एकदा बोलले की सिग्नल पडला समजायचं. जिल्ह्याची मोठी स्पर्धा दरवर्षी पुण्यात व्हायची. आमची पोरं पॅसेंजरच्या दारात उभी राहून जायची, स्टेशनावर कपडे बदलायची, अर्धपोटी खेळायची आणि हरून परत यायची. ती स्पर्धा एकदा तरी दौंडला आणायची, पुण्याच्या संघांना पॅसेंजरनं यायला लावायचं, हे आप्पांचं स्वप्न होतं.

त्या वर्षी ते दाराशी येऊन ठेपलं. जिल्हा संघटनेचे एक वजनदार साहेब आप्पांना म्हणाले, "स्पर्धा कायमची ठेवायला मी तालुक्याचं गाव शोधतोय. पण पास वाटून जमवलेली गर्दी मला दाखवू नका. तिकीट काढून बसलेलं पब्लिक दाखवा. तुमच्या क्लबाच्या स्पर्धेच्या फायनलला येतो. गॅलरी भरलेली दिसली तर पुढच्या वर्षीपासून दौंड. नाहीतर आहे ते बरं आहे."

आमच्या मैदानाला एका बाजूला दगडी पायऱ्या होत्या, बस्स. आप्पांनी मांडववाल्याला सांगून दोन बाजूंना लोखंडी पायपांची, लाकडी फळ्यांची नवी गॅलरी उभी केली. सर्कशीत असते तशी, उंच. चढलं की थेट कुरकुंभच्या कंपन्यांच्या चिमण्या दिसायच्या. तिकिटाचा दर ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी पुण्याला जाऊन एक सामना बघून आलो होतो, तेवढ्या अभ्यासावर गॅलरीला दहा रुपये आणि खुर्चीला पंचवीस असं जाहीर करून टाकलं.

पहिल्या दिवशी गॅलरीत आप्पा होते. फळ्या ठोकणारा सुतार होता, तोही एक फळी हलतेय म्हणून. बाकी सगळा दौंड मैदानाच्या भिंतीवर. भिंत संपली तिथून पुढचे लोक कडुनिंबावर आणि रेल्वेच्या सायडिंगला उभ्या मालडब्यांवर. पंचानं शिट्टी वाजवली की ती नव्या गॅलरीत घुमून त्याच्याकडेच परत यायची.

मी स्वस्थ बसणारा सेक्रेटरी नव्हतो. भिंतीच्या वर बांबू लावून त्यावर बारदान ताणलं, म्हणजे फुकट्यांना दिसायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी बारदान गायब. कांदा काढणीला आला होता आणि गोण्यांची टंचाई होती. आम्ही तालुक्याला फुकट गोण्या पुरवल्या एवढंच झालं. मग मी दर निम्म्यावर आणला. तिकीटखिडकीशी एक शेतकरी आला, पाटी वाचून म्हणाला, "काल धा, आज पाच? गडी कमी केलं का काय?" मी समजावलं, की तेवढेच अकरा आहेत. "मग मालात काय तरी खोट हाय," म्हणून तो भिंतीकडे गेला. कांद्याचा भाव पडलेला बघून सावध झालेला माणूस होता तो, त्याला काय बोलणार.

माझी तिसरी युक्ती सर्वांत थोर होती. मोठी माणसं आली की लहान येतील, असा हिशेब करून मी सोनेरी कडेचे पास छापले, 'सन्माननीय पाहुणे' असे. मंगल कार्यालयातून सोफे आणले, पुढं मांडले आणि सोफ्यावर बसेल त्याचं नाव मी स्वतः माईकवर घेऊ लागलो. दोन दिवसांत सगळा तालुका सन्माननीय झाला. पास नाही असा माणूस सापडेना. यवतचे हॉटेलवाले अण्णा चार दोस्त घेऊन आले. खिडकीवरच्या पोरानं तिकीट विचारलं, तर म्हणाले, "मी तिकीट काढू? मला वळखत न्हाईस का तू?" झालं. तिकीट काढणं म्हणजे आपल्याला कुत्रं ओळखत नाही याची जाहीर कबुली, असं वातावरण मी एकट्याच्या अकलेवर तयार केलं. सोफ्यांच्या स्प्रिंगा बाहेर आल्या. गॅलरी रिकामीच.

तेव्हा आप्पा राहूला मामांच्या घरी गेले आणि त्यांना घेऊन आले.

मामांनी मैदान बघितलं नाही. गॅलरी बघितली. वावरात मेंढरं बसवण्याआधी बघतात तशी, वारा कुठून येतो, ऊन कुठं पडतं, फाटकातून काय दिसतं. मग माझ्याकडे वळले.

"शेक्रेटरी, सोफ्यावरल्यांची नावं कोण पुकारतंय?"

"मीच, मामा."

"आन् पैसं देऊन फळीवर बसलेल्यांची?"

"त्यांची कशाला?"

मामा आप्पांना म्हणाले, "आप्पा, ह्ये पोरगं हुशार हाय. फुकट्याला मान आन् गिऱ्हाइकाला ऊन, आसा धंदा मी ह्या वयात पयल्यांदा बघतोय."

त्यांनी दोनच गोष्टी मागितल्या. दर पुन्हा दहा करायचा, पाचच्या तिकिटाला आवाज चढत नाही म्हणून. आणि पासवाल्याचं नाव माईकवर येणार नाही. तिकीटवाल्याचं येणार, गावासकट आणि वडिलांसकट. मी म्हणालो, मोठी माणसं रुसतील. मामा म्हणाले, "रुसू द्या की. रुसलेला माणूस घरी जात न्हाई. कोण समजूत काढतंय का ते बघत हितंच फिरतो."

दुसऱ्या दिवशी तिकीट काढून मूठभर माणसं आली आणि सवयीनं लांब लांब पांगून बसली. मामांनी सगळ्यांना उठवलं. फाटकातून येणाऱ्याला समोर दिसेल त्या कोपऱ्यात खांद्याला खांदा लावून दाटीनं बसवलं. "येकटं मेंढरू बसत न्हाई. ह्ये धा दाटीनं बसलं की अकरावं वाट काढत येतंय," ते मला म्हणाले. मग मैदानाकडे पाठ आणि गॅलरीकडे तोंड करून उभे राहिले, मिशीवरून मूठ ओढली आणि पहिलं नाव घेतलं.

"दौंड भीमनगरचे, कालकथित तुळशीराम बाबांचे चिरंजीव, सुखदेव मिस्त्री, स्वखर्चानं तिकीट काढून गॅलरीत विराजमान झालेले हायत."

सुखदेव मिस्त्री गवंडी होते. ज्यांची नावं दर लग्नात पुकारली जायची त्यांच्यातल्या निम्म्यांचे बंगले त्यांनी बांधले होते. त्या सगळ्या लग्नांना ते गेले होते, आहेर करून आले होते, आणि माईक त्यांच्या रांगेपर्यंत कधी आला नव्हता. आता तो आला, तोही वडिलांचं नाव घेऊन, आणि भीमनगरात घरी म्हणतात तसं 'कालकथित' म्हणून. मिस्त्री उभे राहिले. त्यांना हात जोडायचे होते, पण एका हातात शेंगांची पुडी होती. त्यांनी पुडी शेजाऱ्याकडे दिली, नीट हात जोडले, गॅलरीच्या दोन्ही टोकांना वळून जोडले आणि मग बसले.

 भिंतीवरून कोणीतरी ओरडलं, "मामा, आमचं बी घ्या की एक."

"भिताडावरल्याचं नाव घ्यायची पद्धत न्हाई. खिडकी तिकडं हाय."

त्या सामन्याच्या मध्यंतरालाच भिंतीवरची काही माणसं खाली उतरली. पुढच्या सामन्याला हमाल आले, टांगेवाले आले, कुरकुंभच्या दुसऱ्या शिफ्टची पोरं डबे घेऊन आली. बिहारकडचा एक वेल्डर आला. मामांनी त्याला वर जाऊन गाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं, ते अवघड नाव तोंडातल्या तोंडात घोळवून घेतलं आणि माईकवर न अडखळता म्हटलं. तो गडी दुसऱ्या दिवशी अख्खी खोली घेऊन आला. बायका पहिल्यांदा फुटबॉलला आल्या त्याही याच लोभानं, आणि मामांनी त्यांची नावं सासर-माहेर दोन्ही गावांसकट घेतली. शब्द एकच परत परत: स्वखर्चानं. तो शब्द ते असा म्हणायचे, की दहा रुपयांची नोट हजाराची वाटायची.

सोफ्यावर मात्र सुतक. पासवाले मामांकडे बघत खाकरायचे, हात वर करायचे, एकमेकांची नावं मोठ्यानं घ्यायचे. मामांना ऐकूच यायचं नाही. सेमीफायनलच्या दिवशी तोंडाला रुमाल गुंडाळलेला एक मनुष्य खिडकीवर आला, तिकीट घेतलं आणि गॅलरीत जाऊन रुमाल सोडला. यवतचे अण्णा. मामांनी त्यांना बराच वेळ बघितलंच नाही. मग म्हणाले, "यवतचे सुप्रसिद्ध हॉटेलवाले, अण्णा, स्वखर्चानं तिकीट काढून गॅलरीत विराजमान झालेले हायत." थोडं थांबले. "आजपास्नं."

गॅलरी हसून हसून हलायला लागली. अण्णाही हसले, आणि त्यांच्या पाठोपाठ सोफे रिकामे झाले.

फायनल आमची आणि शिरूरची. शिरूरकर टेम्पो भरभरून आले. आदल्या दिवशी मी मामांना सगळं बजावलं होतं. माईकची वायर, फुलांचे हार, नाश्ता, सगळं. फक्त जिल्ह्याचे साहेब दिसायला कसे आहेत, तेवढं सांगायचं राहून गेलं.

साहेब आले. आप्पा खिडकीवर तिकिटं देत होते, म्हणून मीच त्यांना घेतलं आणि मोठ्या अदबीनं सोफ्यावर बसवलं. अख्ख्या मैदानात सोफ्यावर बसलेला तेवढा एकच माणूस. मी हार आणायला वळलो आणि पाठीमागून मामांचा आवाज आला.

"सोफ्यावरचे पांढऱ्या टोपीचे पाहुणे. तिकीट दिसंना पाहुण्यांचं. सगळी गॅलरी स्वखर्चानं बसलीय, बाबा."

सगळी गॅलरी साहेबांकडे बघायला लागली. माझ्या हातातला हार खाली पडला, मी त्यावर पाय दिला. आप्पांची इतक्या वर्षांची आशा, पोरांची पॅसेंजर, सगळं त्या फुलांबरोबर माझ्या चपलेखाली. साहेब उठले. मला वाटलं, गाडीकडे निघाले. ते खिडकीकडे गेले आणि रांगेत उभे राहिले. आप्पांनी त्यांना ओळखलं, पैसे घेईनात. साहेब म्हणाले, "आप्पा, द्या. तो माणूस बघतोय."

तिकीट घेऊन ते गॅलरी चढले. जागा नव्हती. सुखदेव मिस्त्रींनी आपल्या रांगेला खांद्यानं रेटलं आणि वीतभर फळी मोकळी केली.

"गाव कोणतं म्हणायचं पाहुण्यांचं?" मामांनी विचारलं.

साहेब वरून ओरडले, "मूळचा शिरूरचा."

मी डोळे मिटले. मामांनी त्यांचं नाव, वडिलांचं नाव विचारून घेतलं, मिशीवरून मूठ ओढली आणि सुरू केलं. ते "गॅलरीत विराजमान" म्हणेपर्यंत आमच्या डाव्या बाजूच्या पोरानं गोल मारला. दोन्ही गॅलऱ्या, भिंत, कडुनिंब, सगळं एकदम उसळलं. मामांची पाठ मैदानाकडे, त्यांना काय कल्पना. साहेबही त्या वीतभर फळीवर मावण्याच्या नादात होते. त्यांनी गर्दीकडे वळून हात जोडले, पुन्हा पुन्हा जोडले. आणि मामा माईकवर भारावून म्हणाले, "बघा मंडळी. गाव शिरूरचं, पन दौंडानं काय मान दिला."

तोच एक गोल. आम्ही जिंकलो.

सामना संपल्यावर साहेब फळ्यांवरून सावकाश उतरले. त्यांच्या सदऱ्याला शेंगांची टरफलं चिकटली होती. आप्पांना म्हणाले, "आयुष्यभर मैदानांवर फुकट बसलो. माझ्या बापाचं नाव माईकवर आज पहिल्यांदा ऐकलं. आणि आप्पा, जिथं मलाच फुकट बसू देत नाहीत, तिथली गॅलरी मी कशाला मोजू? पुण्याच्या पोरांना सांगतो, पुढच्या जानेवारीत दौंडची पॅसेंजर पकडा."

 आप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. पोरांनी त्यांना उचललं. मलाही कोणीतरी उचलू लागलं होतं, पण बारदानाचा हिशेब कोणाला तरी आठवला आणि त्यांनी मला खाली ठेवलं. या गोंधळात मामा माझ्याजवळ आले. आवाज पार बसला होता.

"शेक्रेटरी, ते जिंकलं कोण?"

पुढं स्पर्धा दौंडचीच झाली. पुण्याचे संघ पॅसेंजरच्या दारात उभे राहून येऊ लागले. गॅलरी तिसऱ्या बाजूला वाढली, मग पक्की झाली. ती बांधली सुखदेव मिस्त्रींनीच. दर एकदा वाढवला तेव्हा मी आधी मामांना विचारलं. त्यांनी नवा आकडा दोन-चारदा मोठ्यानं म्हणून बघितला आणि "बसतोय आवाजात" म्हणून परवानगी दिली. सात-आठ हंगाम मामा मैदानाकडे पाठ करून उभे राहिले. त्यांना हजारो माणसं नावानिशी ओळखता यायची, पण ऑफसाइड म्हणजे काय ते शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. कोणी सांगायला गेलं तर म्हणायचे, "तिकडचं तुमी बघा. माजी बाजू ही."

शेवटच्या वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या घशाला कुलूप घातलं. मोठ्यानं बोलायचं नाही. लेकीनं त्यांना शिरूरला आपल्याकडे नेलं होतं. तरी फायनलला ते एसटीनं आले, रांगेत उभे राहिले, तिकीट काढलं. माईक मी घेतला होता. पहिल्याच नावात मी मुलाला बापाचा बाप केलं आणि मामांनी गॅलरीतून हातानंच खूण केली, ठेव ते. मी माईक एका पोराकडे दिला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

आयुष्यात पहिल्यांदा ते मैदानाकडे तोंड करून बसले होते. मांडीवर हात, मान पुढे. चेंडू जाईल तिकडे डोळे. गोलकीपरला हात लावायची मुभा का, हे त्यांनी मला हळूच विचारलं. त्या विषयावर मी फार बोललो नाही. मध्यंतर झालं तरी ते उठले नाहीत. उत्तरार्धात आमच्या पोरानं तिघांना चकवून गोल मारला, मागं सगळी गॅलरी उभी राहिली, आणि मामाही उभे राहिले, तोंड उघडं, आवाज नाही.

पुढच्या हंगामाला ते नव्हते. पण त्या दिवशी लोक बसल्यानंतरही ते थोडा वेळ तसेच उभे होते. मग बसले, माझ्या कानाशी वाकले आणि त्या राहिलेल्या आवाजात म्हणाले,

"ह्याच्यासाठी येत व्हती व्हय माणसं? मला वाटलं, माझ्यासाठी."